जाड रंग, जाड देह

मंडळी, पडद्यावरच्या चित्रानं घोटाळा होणार आहे, म्हणून आधीच सांगतो. हे ल्युसियन फ्रॉइडचं 1995 सालचं तैलचित्र, ‘बेनिफिट्स सुपरवायझर स्लीपिंग’. सरकारी भत्ते देणाऱ्या कचेरीत पर्यवेक्षक असलेली स्यू टिली फुलाफुलांच्या सोफ्यावर विवस्त्र झोपली आहे. पोट ओघळलंय, गाल दबलाय. आत्ता मागे कुणीतरी हसलं. रागावत नाही, पडद्यावर हे चित्र हसूच आणतं.

कारण पडद्यावर बाईची जाडी दिसते, रंगाची दिसत नाही.

फ्रॉइड सुरुवातीला मऊ, बारीक ब्रशनं अगदी गुळगुळीत रंगवायचा. 1950 नंतरच्या दशकात त्यानं राठ केसांचे ब्रश घेतले, उभं राहून काम करू लागला. पुढे क्रेमनिट्झ व्हाइट हा शिशाचा पांढरा रंग त्यानं कातडीसाठी वापरला. शिसं जड, म्हणून हा रंगही जड. तो लेपावर लेप बसत जातो, दाणे धरतो. असे महिनोन् महिने. म्हणजे मूळ कॅनव्हाससमोर उभं राहिलं की आधी दिसते ती एवढा वेळ एका देहाकडे बघत राहिल्याची साठवण. हसण्याला एक क्षण पुरतो, या बघण्याला पुरत नाही. फोटोत नेमकं तेच सपाट होतं आणि उरतो नुसता आकार.

आपल्याकडे चार्वाकाचा एक मुद्दा आहे. आपण ‘मी जाड आहे’ म्हणतो, ‘माझ्या शरीराला जाडी आहे’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून देह हाच मी. वेदान्ती याला अध्यास म्हणतात, आणि वाद म्हणून त्यांची बाजू भक्कमही आहे. पण या चित्रापुरता मी चार्वाकाकडे बसतो. इथे रंगाच्या मागे वेगळं मांस आणि मांसाच्या मागे वेगळी बाई शोधायला जागाच नाही. केनेथ क्लार्कनं ‘नेकेड’ आणि ‘न्यूड’ असा भेद केला होता: एक नुसता उघडा देह, दुसरा कलेनं घडवलेला. फ्रॉइडनं आपल्या चित्रांना ‘नेकेड पोर्ट्रेट’ म्हटलं, ते उगीच नव्हे.

तरी एक गोष्ट मला खटकते. शीर्षकात हुद्दा आहे, नाव नाही. चित्रकार जागा, ती झोपलेली. 2008 साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात चित्र 3 कोटी 36 लाख डॉलरला गेलं; हयात चित्रकारासाठी लिलावातला तोवरचा उच्चांक. तिथेही गाजली ती किंमत आणि तिचं वजन. याचा दोष मी रंगाला देणार नाही, शीर्षकाला मात्र थोडा देईन.

आता पुढचं लावा. 1996, ‘स्लीपिंग बाय द लायन कार्पेट’. तीच बाई, या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली. मागच्या गालिच्यावर सिंह आहेत. दिवे जरा मंद करा, आणि पुन्हा सांगतो, रंगाची जाडी तुम्हाला मनानंच घालावी लागेल.