कीर्द, खतावणी आणि फ्लॅश स्मृती : जर्नलिंग फाइल प्रणालींची चिकित्सा

अकोटसारख्या कापूसपेठेतील पारंपरिक अडतीचा हिशेब कीर्द आणि खतावणी या दोन वह्यांत राहत असे. व्यवहार प्रथम कीर्दीत टिपला जाई, खतावणी मागाहून होई; खतावणीत खंड पडला तरी कीर्दीवरून ती पुरी करता येई. जर्नलिंग फाइल प्रणालीचे तत्त्व याहून निराळे नाही. २००१ मध्ये लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आलेली एक्स्ट-३ ही प्रणाली फेरबदल आधी जर्नलात लिहिते व मग मूळ जागी उतरवते.

एम्बेडेड उपकरणांत या सोयीचे आकर्षण स्वाभाविक आहे. ही उपकरणे कोणी रीतसर बंद करीत नाही. वीज जाते आणि ती बंद पडतात. वऱ्हाडाने २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचा जो काळ अनुभवला, त्यात हा अपवाद नव्हे, दिनक्रम होता. तथापि जर्नल आहे म्हणून माहिती सुरक्षित, हा समज तपासून घ्यावा लागतो. एक्स्ट-३ च्या नेहमीच्या पद्धतीत केवळ रचनेविषयीच्या नोंदी जर्नलात जातात, फाइलीतील मजकूर नव्हे. म्हणून लेखन दुप्पट होऊन फ्लॅश लवकर झिजते, हा आक्षेप जसा अर्धसत्य ठरतो, तसेच संपूर्ण संरक्षणाचे आश्वासनही.

फ्लॅशची खरी अडचण वेगळी आहे. तिच्यातील एखादी ओळ खोडून तेथेच नवी लिहिता येत नाही. पूर्ण खंड पुसावा लागतो आणि पुसण्यालाही मर्यादा असते. स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या जेएफएफएस प्रणालीने, व डेव्हिड वुडहाऊस यांच्या २००१ च्या जेएफएफएस-२ ने, यावर धीट तोडगा काढला : खतावणीच नको, सारी कीर्दच. अर्धवट लिहिलेली नोंद तपासणी-अंकावरून ओळखून टाकून देता येते. मात्र प्रत्येक वेळी वही उघडताना जुन्या नोंदी चाळून शिल्लक काढणे आले. स्मृतीचा आकार वाढला की हा वेळही वाढतो.

या गुणदोषांचे महाराष्ट्रातील उदाहरण रायगड जिल्ह्यातील खैरात (ता. कर्जत) येथे आढळते. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये तेथील शाळेत झाला. त्या एक्सओ-१ संगणकात हार्ड डिस्क नव्हती. १ जीबी फ्लॅशवर जेएफएफएस-२ होती. मुलांच्या हाती जाणाऱ्या यंत्रासाठी ही निवड योग्यच म्हणावी लागेल. परंतु याच संगणकांबाबत पुढे असेही दिसून आले की स्मृती काठोकाठ भरली की यंत्र सुरू होणेच अवघड होई. मोकळा खंड मिळवण्यासाठी जिवंत नोंदी दुसरीकडे हलवाव्या लागतात, आणि हलवायलाच जागा नसते. मुले छायाचित्रे साठवणार, वही भरणार, हे गृहीत धरायला हवे होते.

नोकिया व सेगेद विद्यापीठ यांची यूबीआयएफएस २००८ मध्ये लिनक्समध्ये आली. तिने खतावणी फ्लॅशवरच ठेवून वही उघडण्याचा वेळ आटोक्यात आणला. पण ही सर्व चर्चा उघड्या फ्लॅशपुरती आहे. मेमरी कार्ड वा ईएमएमसीत मधे एक नियंत्रक बसतो. कोणती नोंद प्रत्यक्ष कोठे गेली, याचा तक्ता केवळ त्याच्यापाशी असतो. एक्स्ट-४ ने क्रमाने लिहिलेले त्याने मागेपुढे केले, किंवा वीज जाताना त्याचाच तक्ता बिघडला, तर वरच्या जर्नलाला ते सावरता येत नाही. अशा उपकरणाची परीक्षा लेखन चालू असताना वीज वारंवार तोडूनच घ्यावी लागते. पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकांत एक जुने कार्ड व एक स्विच यांवर ती घेता येण्यासारखी आहे.