फाउलर बंधूंचा राग

चोखंदळ इंग्रज वाचकास अमेरिकन वळणाचे इंग्रजी खटकते, ही तक्रार जुनीच. तिचे ठसकेबाज रूप पाहावयाचे असेल तर एच. डब्ल्यू. आणि एफ. जी. फाउलर या बंधूंचा 'द किंग्ज इंग्लिश' (१९०६) हा ग्रंथ उघडावा. अमेरिकन शब्द परकीय समजावेत, दोन्ही भाषा चांगल्या पण त्यांची सरमिसळ नको, असा त्यांचा दंडक. किप्लिंगला थोर लेखक म्हणून गौरवून, तोच इंग्रजीला अमेरिकन वळण लावीत असल्याचा ठपकाही ते ठेवतात. मुंबईत जन्मलेल्या आणि काही वर्षे व्हर्मॉंटमध्ये काढलेल्या लेखकाने एकाच मुलुखाचे इंग्रजी लिहावे, ही अपेक्षा आम्हांस चमत्कारिक वाटते.

ग्रंथाचे खरे मर्म मात्र 'फॉल' या शब्दाच्या चर्चेत आहे. इंग्रज ज्या ऋतूस 'ऑटम' म्हणतात त्यास अमेरिकेत 'फॉल' म्हणतात. 'फॉल' हाच शब्द सरस, हे फाउलर बंधू प्रांजळपणे मान्य करतात: आखूड, अस्सल सॅक्सन, पानगळ डोळ्यांपुढे उभी करणारा, आणि एके काळी इंग्लंडचाही. तरीही आता तो वापरणे त्यांना चोरी वाटते! आपल्याच पूर्वजांच्या ठेवीची चोरी कशी होते, हे आम्हांस उमगलेले नाही. 'गॉटन' या रूपाचेही तसेच. ते इंग्लंडातून गेले, अमेरिकेने जपले, आणि मूळ घरी परके ठरले. ग्वाल्हेर-बडोद्याच्या आपल्या घरांतला एखादा जुना मराठी शब्द पुण्याच्या पाहुण्यास अशुद्ध वाटतो, तेव्हा दुसरे काय घडत असते?

रागास पात्र शब्द निराळे. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेस मांडणे. अमेरिकेत तो बाजूस सारणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून दोन्ही देशांच्या सेनाधिकाऱ्यांत बराच वेळ कडवट वाद झाला. दोघांनाही हवी होती गोष्ट एकच, असे चर्चिलने आपल्या युद्धेतिहासात नोंदविले आहे. सरकारी टिपणे लिहिण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आमच्यासारख्यांस हे हसण्यावारी नेता येत नाही. 'बिलियन'चा घोळ तर आकड्यांतलाच. ब्रिटनमध्ये तो रूढीने एक लाख कोटी, अमेरिकेत शंभर कोटी. १९७४ साली ब्रिटिश सरकारने अमेरिकन अर्थ पत्करला. त्याआधीचा एखादा ब्रिटिश ग्रंथ हाती आला, तर त्यातील शून्ये मोजूनच पुढे वाचावे.