चार विचारधारा आणि एक आयदान

स्त्रीवाद हा शब्द आपल्याकडे बहुधा एकवचनी वापरला जातो. त्याचा पुरस्कार करणारा आणि त्याला नाके मुरडणारा, दोघेही ते एकच मत आहे असे गृहीत धरून बोलतात. समाजशास्त्राचा अभ्यासक मात्र त्यात निदान चार विचारधारा पाहतो. स्त्रीच्या दुःखाचे कारण प्रत्येकीने निराळे सांगितले आहे. साहजिकच उपायही निराळे आहेत. या चार निदानांची पारख करण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक ग्रंथ हाताशी आहे. फणसवळे या गावात मूळ असलेल्या उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले.

आयदान म्हणजे बांबूच्या बेळांपासून विणलेली सुपे, टोपल्या, रोवळ्या. देशावर हे काम बुरुडांचे. कोकणात ते महार समाजाकडे होते. लेखिकेचे वडील शिक्षक. ते लवकर वारले आणि आईने आयदाने विणून मुलांना वाढविले, शिकविले. ही अंगणात विणीत बसलेली आई आपण कसोटी म्हणून समोर ठेवू.

पहिली विचारधारा उदारमतवादी. जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथ १८६९चा. कायदा आणि शिक्षण यांनी स्त्रीची वाट अडविली आहे; ती मोकळी करा, हे तिचे सांगणे. आपल्याकडे आगरकरांनी हा विचार लेखणीने मांडला, तर मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापून तो कृतीत आणला. 'आयदान'मध्ये या विचाराचे बळ स्पष्ट दिसते. मुलांना शिकवावे, हा वडिलांचा आग्रह होता. आईने तो विणकामाच्या कमाईवर पाळला, म्हणून तर हे पुस्तक लिहिले गेले. परंतु शिकलेल्या, सरकारी नोकरीत असलेल्या त्याच मुलीला विवाहानंतर एम.ए. करताना, लेखन करताना, सभांना जाताना घरात जे ताण सोसावे लागले, त्यांचा उलगडा ही विचारधारा करू शकत नाही. दार उघडले होते. उंबरठा मात्र होता तिथेच होता.

तो उंबरठा दुसऱ्या, म्हणजे जहाल विचारधारेने दाखविला. केट मिलेट यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की स्त्री-पुरुष संबंध हेच मुळी सत्तेचे संबंध आहेत आणि कुटुंब हे त्या सत्तेचे पहिले पीठ आहे. या विचाराची चाहूल मराठीत फार आधी लागली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांच्या दुटप्पी नीतीचा जाब विचारला होता. लेखिकेच्या संसारातील ताण या दृष्टीने उमगतात. आईचे जीवन मात्र या चौकटीत पुरते मावत नाही. तिच्या घरात पुरुषाची सत्ता उरली नव्हती, तरी तिची मान मोकळी नव्हती.

तिसरी विचारधारा मार्क्सवादी. एंगल्स यांनी १८८४ साली कुटुंब आणि खाजगी मालमत्ता यांचा संबंध जोडला; पुढे ॲन ओकले यांनी १९७४ साली घरकामाला 'काम' मानून त्याचा समाजशास्त्रीय अभ्यास केला. श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, हा या विचाराचा प्रश्न मोलाचा आहे. आईच्या अंगणात त्याचे उत्तर काही अंशी मिळते. तिथे घर आणि कारखाना वेगळे नाहीत. एकच बाई एकाच जागी मुले सांभाळते आणि बाजाराचा माल घडविते. तथापि पुस्तकातील एक प्रसंग या विचारालाही अडवितो. लहान मुलगी आयदाने पोचवायला सवर्णांच्या घरी जाते. तिला बाहेर उभे केले जाते, आयदानांवर पाणी शिंपडले जाते, मगच ती आत घेतली जातात. पैसे वरून हातात टाकले जातात. वस्तू हवी, तिची किंमतही दिली जाते, पण घडविणारा हात विटाळाचा! केवळ मालक-मजूर या हिशेबात ते शिंपडलेले पाणी कुठेच बसत नाही.

त्या पाण्याचा अर्थ चौथ्या विचारधारेने लावला. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, हे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली मांडले. पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ साली हा विचार पुढे नेला. दलित स्त्रीचे बोलणे निराळे आहे एवढे मान्य करून तिला एका कोपऱ्यात बसविणे त्यांना मान्य नव्हते. तिच्या जागेवरून पाहिले असता जात, वर्ग आणि पुरुषसत्ता एकमेकींत कशा विणल्या आहेत हे दिसते. आणि ती दृष्टी इतरांनाही, स्वतःला बदलण्याची तयारी असल्यास, कष्टाने मिळविता येते, असे त्यांचे म्हणणे.

ही चौथी विचारधारा मला सर्वांत समर्थ वाटते. पण तिच्यातही एक धोका आहे. 'जिचा अनुभव तिचेच सत्य' असे तिचे सोपे रूप केले की वाद खुंटतो आणि शास्त्र मौन धरते. उर्मिला पवार यांनी स्वतः हा सोपा मार्ग धरला नाही. मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा शोध घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. स्वतःची कथा सांगण्यापूर्वी त्यांनी इतर अनेकींच्या कथा ऐकल्या, पडताळल्या. अनुभवाला ज्ञानाची योग्यता येते ती अशा परिश्रमांनी.

मग पहिल्या तीन विचारधारा टाकाऊ ठरल्या काय? नाही. शाळा नसती तर पुस्तक नसते. घरातील सत्ता ओळखली नसती तर ते अर्धे राहिले असते. श्रमाचा हिशेब नसता तर आई केवळ वात्सल्यमूर्ती ठरली असती. आयदान विणताना बेळे आडवी-उभी एकमेकींत गुंततात, तेव्हाच त्यात धान्य टिकते. एकेका बेळाची थोरवी गाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या महिला मंडळांतून स्त्रीच्या उन्नतीवर व्याख्याने होतात. त्या सभांत व्यासपीठावर कोण बसते, प्रश्न कोण ठरविते आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात गेलेली बाई त्या वेळी कोठे असते, एवढे विचारले तरी आपण यांपैकी कोणता स्त्रीवाद मानतो ते कळून येईल.