एका वस्तूला एकच नाव

ऑपरेटिंग सिस्टिमच्या डॉक्युमेंटेशनबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात: ते अपुरे आहे, किंवा ते जुने झाले आहे. तिसरी तक्रार सहसा कोणी करत नाही, कारण वाचकाला ती आपल्याच अज्ञानाची खूण वाटते. एकाच गोष्टीला या पानावर एक नाव आणि पुढच्या पानावर दुसरे असते. कधी त्याहून वाईट, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव असते. ललित लेखनात तोच शब्द पुन्हा आला की खटकतो. इथे पर्यायी शब्द वापरणे हाच दोष. शब्द बदलला म्हणजे गोष्टही बदलली, असे वाचक धरून चालतो, आणि त्याचे ते बरोबरच आहे.

या शिस्तीचा पाया युनिक्सने घातला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. कमांड पहिल्या विभागात, सिस्टिम कॉल दुसऱ्यात, फंक्शन तिसऱ्यात ही विभागणी तेव्हापासूनची. नावापुढे कंसात विभागाचा आकडा लिहायची प्रथा तिच्यावरच उभी आहे. प्रिंटएफ(1) ही कमांड आणि प्रिंटएफ(3) हे सी भाषेतले फंक्शन. नाव एकच असूनही घोटाळा होत नाही. त्याच युनिक्सने दुसरा धडाही दिला. फाइल तयार करणाऱ्या सिस्टिम कॉलच्या नावातून ‘क्रिएट’च्या स्पेलिंगमधले शेवटचे ‘ई’ गळले, ते आजतागायत परत आलेले नाही. एकदा प्रोग्राम त्या नावावर विसंबले की नाव दुरुस्त करता येत नाही.

1988 साली आलेल्या पॉझिक्स मानकाने व्याख्यांना कायद्याचे रूप दिले. ‘इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड’, ‘अनस्पेसिफाइड’ आणि ‘अनडिफाइन्ड’ हे तिन्ही शब्द बोलताना सारखेच वाटतात. मानकात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात सिस्टिम बनवणाऱ्याने आपले वर्तन लिहून ठेवलेच पाहिजे. दुसऱ्यात तसे बंधन नाही. तिसऱ्यात प्रोग्रामच चुकीचे काही करत असतो आणि परिणामाची हमी कोणीच देत नाही. परिभाषेची इतकी काटेकोर मांडणी या क्षेत्रात फारशी कुठे सापडत नाही. मात्र तिची भाषा वकिली आहे. शिकणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

शिकणाऱ्याच्या वाट्याला येतात ती लिनक्सची मॅन पेजेस, म्हणजे मॅन्युअलची पाने. मायकेल केरिस्क यांनी 2004 पासून दीड दशकाहून अधिक काळ त्यांची देखभाल केली, पुढे ती अलेहान्द्रो कोलोमार यांच्याकडे गेली. मॅन पेज कसे लिहावे हे सांगणारे एक मॅन पेजही आहे, आणि त्यात पसंतीच्या व टाळायच्या शब्दांच्या याद्या आहेत. ‘सुपरयूजर’ जोडून लिहा. ‘नॉन-रूट’ नको, ‘अनप्रिव्हिलेज्ड यूजर’ म्हणा. ‘फाइलसिस्टिम’ हा एक शब्द आहे, पॉझिक्समध्ये मात्र दोन. ‘करंट प्रोसेस’ टाळा, ‘कॉलिंग प्रोसेस’ लिहा. यातली शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामागे दृष्टिकोन आहे. कर्नलच्या आतून पाहणाऱ्याला ‘करंट’ बरोबर वाटेल, पण वाचक बाहेर उभा राहून कॉल करत असतो. चांगली शब्दसूची स्पेलिंगबरोबर वाचकाची जागाही ठरवते.

तरी या शिस्तीला मर्यादा आहेच. ‘गेटपीआयडी’ हा कॉल प्रोसेसचा आयडी देतो. कर्नलच्या सोर्समध्ये मात्र प्रत्येक थ्रेडच्या नोंदीत ‘पीआयडी’ नावाचा रकाना असतो आणि त्यात त्या थ्रेडचा स्वतःचा क्रमांक असतो. बाहेर ज्याला पीआयडी म्हणतात त्याला आत ‘टीजीआयडी’, म्हणजे थ्रेड ग्रुपचा आयडी, म्हणतात. आतला हा शब्द कधीकधी बाहेर गळतो. कोणता थ्रेड कोणत्या सीपीयूवर चालावा हे ठरवणारा ‘शेड-सेट-ॲफिनिटी’ घ्या. त्याच्या पॅरामीटरचे नाव ‘पीआयडी’ आहे, पण हवा असतो थ्रेडचा आयडी. तिथे गेटपीआयडीने दिलेला आकडा घातला तर फक्त मुख्य थ्रेडची सेटिंग बदलते; आधीपासून चालू असलेले बाकीचे थ्रेड होते तिथेच राहतात. मॅन पेज हे सारे नीट सांगते. पण प्रोग्रामर आधी नाव वाचतो, खुलासा नंतर, आणि तोही काही बिघडल्यावर. नाव सोनूबाई आणि हाती कथिलाचा वाळा, अशी ही गत.

बीएसडी घराण्याची वाट वेगळी. त्यांच्या एमडॉक मार्कअपमध्ये ‘हा शब्द ठळक करा’ असे लिहीत नाहीत. ‘हा फ्लॅग आहे’, ‘हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे’ असे लिहितात. त्यामुळे एखाद्या एरर कोडचा उल्लेख असलेली पाने नेमकी शोधता येतात, आणि लेखकालाही लिहिण्यापूर्वी ही गोष्ट कोणत्या जातीची हे ठरवावे लागते. लिनक्सची पाने अजून मुख्यतः ठळक आणि तिरप्या अक्षरांवरच भागवतात.

व्यापारी कंपन्यांच्या स्टाइल गाइड जाडजूड आहेत आणि काही निर्णय खरोखर चांगले आहेत. पडद्यावर दिसतो तो ‘फोल्डर’, फाइल सिस्टिमच्या रचनेबद्दल बोलताना ‘डिरेक्टरी’, ही मायक्रोसॉफ्टने केलेली वाटणी त्यातली. पण मार्केटिंगचा शब्द आला की गाइड बाजूला पडते. 2012 मध्ये ‘मेट्रो’ हे नाव मागे घेतल्यावर त्याच जातीच्या ॲपची नावे पुढे अनेकदा बदलली. ॲपलने 2022 मध्ये ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’चे ‘सिस्टिम सेटिंग्ज’ केले आणि जगभरच्या जुन्या सूचना एका रात्रीत शिळ्या झाल्या.

सामान्य ग्राहकाला या गोंधळाची झळ बसते ती डिस्क विकत घेताना. खोक्यावर 500 जीबी, विंडोजमध्ये साधारण 465. चोरी कोणी केलेली नाही. उत्पादक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतो, विंडोज 1024 चा घन धरते, आणि दोघेही चिन्ह एकच वापरतात. 1998 मध्ये आयईसी या संस्थेने दुसऱ्या मापासाठी ‘गिबीबाइट’ हे वेगळे नाव दिले. ॲपलने 2009 च्या स्नो लेपर्डपासून खोक्यावरचे माप स्वीकारले. विंडोजमध्ये जुनेच चालू आहे.

2020 साली लिनक्स कर्नलने ‘मास्टर-स्लेव्ह’ आणि ‘ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट’ यांचा नवा वापर टाळण्याचा नियम केला. हेतू योग्यच होता आणि जुन्या इंटरफेसना सूट देण्याचे व्यवहारज्ञानही त्यात होते. पण ‘मास्टर-स्लेव्ह’ या एका जोडीच्या जागी पाच-सहा पर्यायांची यादी आली. कोणता पर्याय कुठे, याचा निवाडा प्रत्येक विभागावर सोपवला गेला.

मूळ मजकुरातली ढिलाई भाषांतरात दुणावते, आणि मराठी वापरकर्त्याला ती दोनदा सोसावी लागते. रेड हॅटच्या पुढाकाराने 2008 मध्ये सुरू झालेल्या फ्युएल प्रकल्पाने मराठीसह अनेक भाषांत नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या याद्यांवर सहमती घडवली. मात्र मुळातच दोन कल्पनांना एक शब्द असेल, तर अशी यादी काय करणार?

आता व्हेलसारखे लिंटर, म्हणजे मजकूर आपोआप तपासणारे प्रोग्राम, आले आहेत. ‘फाइल सिस्टिम’ जोडायचे की तोडायचे हे ते पटकन पकडतात. ‘प्रोसेस’ लिहिताना लेखकाच्या मनात थ्रेड होता, हे त्यांना कळत नाही. आजवर जिथे एकवाक्यता टिकली, तिथे लेखी शब्दसूची होती आणि ‘हा शब्द चालणार नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस होता. पण तो माणूस बोलावला जातो फंक्शनला नाव देऊन झाल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे. नव्या इंटरफेसचे नाव ठरते त्या चर्चेत डॉक्युमेंटेशनवाल्याला खुर्ची द्या आणि त्याला नकाराचा अधिकार द्या. तेवढे होत नाही तोवर पॅरामीटरचे नाव एक आणि अर्थ दुसरा, हे चालूच राहील.