सुधारून वाढविलेली आवृत्ती

नाटक पडलं की समीक्षक तुटून पडतात, भजी तेलकट निघाली की गिऱ्हाईक बोलतं आणि लग्नातल्या श्रीखंडाविषयी वरपक्षाने प्रतिकूल मत नोंदवायचंच असतं. टीका या वाङ्मयप्रकाराशी आपल्या लोकांचा घरोबा असा जुना आहे. पण जी वस्तू हातात धरता येत नाही, नाकाने हुंगता येत नाही आणि जिने आपलं काम चोख केलं तर ती तिथे होती हेसुद्धा ऐकणाऱ्याला कळत नाही, अशा वस्तूच्या नव्या आवृत्तीवर माणसं इतक्या पोटतिडकीने लिहीत असतील याची मला कल्पना नव्हती.

ती वस्तू म्हणजे कॉम्प्रेसर. फ्रीजचा नव्हे. सायकलच्या चाकात हवा भरणारा तोही नव्हे. हा आवाजाचा कॉम्प्रेसर, आणि तोही लोखंडी पेटीतला नाही, संगणकाच्या पोटात राहणारा. जाणकार त्याला 'प्लगइन' म्हणतात. माझा भाचा डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांपैकी एकीत भिंतींना गाद्या लावून ध्वनिमुद्रणं करतो. (त्याची आई त्या खोलीला अजून 'गाद्या वाळत घातल्यायत ती' असं म्हणते.) तो वापरतो त्या एका कॉम्प्रेसरची नवी आवृत्ती आली, तिच्यावर वापरणाऱ्यांनी जगभरातून अभिप्राय पाठवले, आणि त्यांचा छापील गठ्ठा माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, "मामा, तू पुस्तकांची परीक्षणं लिहितोस ना? ही वाच. तुमच्या परीक्षणांत एवढा जीव नसतो."

कॉम्प्रेसर करतो काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या वाड्यात ओटीवर आजोबा बसत. आम्ही पोरं कुजबुजलो तर ते काही बोलत नसत. आवाज एका ठरावीक पातळीच्या वर गेला की ओटीवरून "हळू!" अशी आरोळी यायची. त्या पातळीला इंग्रजीत थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणजे चक्क उंबरठा. उंबरठा ओलांडल्यावर किती दाबायचं ते रेशो ठरवतो. चारास एक असेल, तर उंबरठ्याच्या वर चार डेसिबल चढू पाहणाऱ्या आवाजाला एकच डेसिबल चढू द्यायचं. आजोबा किती चटकन ओरडतात तो अटॅक, आणि पोरं गप्प झाल्यावर त्यांचा राग उतरायला जो वेळ लागतो तो रिलीज. मोठे आवाज असे खाली बसवले की मग सगळाच आवाज थोडा वर उचलता येतो. गायिकेने वरचा षड्ज लावला म्हणून कान फाटत नाहीत आणि ती खर्जात उतरली म्हणून ते टवकारावे लागत नाहीत, ही सगळी आजोबांची कृपा.

हे आजोबा पूर्वी खरोखरीच वजनदार असत. १९५९ च्या सुमाराला आलेला फेअरचाइल्ड ६७० हा अमेरिकन कॉम्प्रेसर वीस व्हॉल्व्ह आणि अकरा ट्रान्सफॉर्मर बाळगून होता. वजन तीस किलोच्या आसपास. पुढे साठीच्या दशकात टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए आला. त्याला फिरवायच्या मोठ्या खुंट्या दोनच. आत एक उजळणारी पट्टी आणि तिच्या उजेडाला भुलणारा एक घटक. आवाज वाढला की उजेड वाढतो, उजेड वाढला की आवाज दबतो. गंमत पुढेच आहे. या पेटीचा निम्मा राग चटकन उतरतो आणि उरलेला रेंगाळतो. जितकं जास्त दाबलं असेल आणि जितका वेळ, तितका अधिक. माझ्या माहितीतल्या बहुतेक वडीलधाऱ्यांची अंतर्गत रचना हीच होती.

मग १९६७ साली बिल पटनम यांचा ११७६ आला. त्याचा अटॅक सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागाइतका चपळ. खुंटी उजवीकडे फिरवली की वेळ वाढायच्याऐवजी कमी होतो, हा त्याचा स्वभावदोष. रेशोसाठी चार बटणं: चार, आठ, बारा आणि वीस. एका वेळी एकच दाबायचं असा बेत होता. पण बटण दिसलं की दाबणारा आणि चार दिसली की चारही एकदम दाबणारा माणूस प्रत्येक आळीत असतो. स्टुडिओतही होता. त्याने चारही दाबली तेव्हा आवाज असा काही चिरडून, फुटून बाहेर आला की ढोल वाजवणाऱ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. ज्या गोष्टीचा मूळ बेतात पत्ताच नव्हता, ती आज ११७६ च्या संगणकी नकलांमध्ये मुद्दाम करून ठेवलेली असते. वापरणाऱ्यांच्या अभिप्रायाला मी मानतो तो यामुळे. कारागिराने वस्तू केली, पण ती कशासाठी आहे हे पुष्कळदा वापरणाऱ्याने त्याला शिकवलं.

असा आदर मनात धरून मी गठ्ठा उघडला आणि पहिल्या दहा पानांत तो बराचसा ओसरला.

निम्मा गठ्ठा 'ऊब' या एका शब्दाने व्यापला आहे. जुन्या आवृत्तीत ऊब होती, नवीत गेली. कोणाला नवी थंड वाटते, कोणाला कोरडी, कोणाला पातळ. जुनी आवृत्ती सगळी वाद्यं डिंकासारखी धरून ठेवायची, नवीत डिंक कमी पडतो, अशी एक सार्वत्रिक हळहळ आहे. ऊब आणि डिंक हे दोन शब्द एका वाक्यात तिसऱ्यांदा आले तेव्हा मला शंका आली की चर्चा ध्वनीची चालली आहे की बाळंतिणीच्या लाडवांची. बरं, दुसऱ्या पक्षाची भाषा तरी निराळी असावी? त्यांना नव्या आवृत्तीत आवाज 'मोकळा' झाल्यासारखा वाटतो. एकाने तर आपल्या स्पीकरवरून चादर काढल्यासारखं वाटलं असं कळवलं आहे. कदाचित काढलीही असेल.

यातली मेख अशी की कान हा अत्यंत पक्षपाती परीक्षक आहे. तेच गाणं अर्धा-एक डेसिबल मोठं वाजवलं की ते मोठं वाटण्याऐवजी चांगलं वाटतं. आवाजाची पातळी बदलली की खर्जाकडे आणि तार स्वरांकडे पाहण्याची कानाची दृष्टीही बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. आता या नव्या आवृत्तीत, दाबून झालेला आवाज वर उचलण्याचं काम आपोआप होतं आणि ती सोय उघडताक्षणीच चालू असते. म्हणजे 'मोकळा'वाल्यांपैकी किती जणांनी सुधारणेची स्तुती केली आणि किती जणांनी अर्ध्या डेसिबलची, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. किंबहुना नाहीच ठाऊक. खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे: एका मुद्रणाची उलटी प्रत करून दुसऱ्यात मिसळायची. दोन्ही तंतोतंत एक असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते निखळ शांतता. पण शांततेवर अभिप्राय कोण पाठवणार?

बाकीच्या मजकुरावर फार वेळ घालवत नाही. पडदा काळा केला म्हणून काही जण चिडले आहेत, आणखी काळा का नाही म्हणून काही. खुंट्या मोठ्या झाल्या, त्या लहान करा. खिडकी लहान आहे, ती मोठी करा. लोकलमध्ये एकाला वारा हवा असतो आणि समोरच्याला सर्दी झालेली असते, तसला हा प्रकार. करणाऱ्या मंडळींची मला इथे दया येते. त्यांना गप्प बसायची सोयच नाही. २०१९ साली ॲपलने मॅकच्या कॅटालिना या प्रणालीत जुन्या ३२ बिटांच्या सगळ्या आज्ञावल्यांना दार बंद केलं. ज्यांनी आपलं काम नव्याने रचलं नव्हतं त्यांचे प्लगइन एका रात्रीत मुके झाले. तेव्हा 'आहे तेच चांगलं, हात लावू नका' हे म्हणणं ऐकायला गोड असलं तरी करणाऱ्याला परवडणारं नाही.

पण गठ्ठ्याच्या तळाशी चार-पाच लहान अभिप्राय आहेत. त्यांत ऊब नाही, डिंक नाही, विशेषणच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच: माझं जुनं काम नव्या आवृत्तीत उघडलं, ते पूर्वीसारखं वाजत नाही. भाच्याने हे कागद वेगळे दुमडून ठेवले होते, आणि त्याचं कारण मला माहीत आहे.

आमच्या आईच्या ओव्या त्याने सहा वर्षांपूर्वी मुद्रित केल्या होत्या. जातं कधीच अडगळीत गेलं होतं. त्यावाचून तिला ओळ आठवेना, म्हणून रिकामाच हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवत तिने त्या म्हटल्या. भाच्याने जुन्या कॉम्प्रेसरने तो आवाज हलक्या हाताने बसवला. आई जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा एका आप्तांना प्रत हवी होती म्हणून त्याने ते काम उघडलं, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी पुढे येत होतं. त्याने मघाची ती उलट्या प्रतीची परीक्षा केली. जुनी तयार प्रत आणि आजची, दोन्ही एकमेकांत विरघळायला हव्या होत्या. ओव्या जवळजवळ पुसल्या गेल्या. उरले ते तिचे श्वास. एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी घेतलेले, एकामागून एक. मला त्याने ते ऐकवले. "मामा, हे तक्रारीत कसं लिहू?" असं तो म्हणाला आणि मग त्याने तेच विशेषणाविना वाक्य लिहून पाठवलं.

आवृत्तीसोबत आलेल्या टिपणात याविषयी एक ओळ आहे: रिलीजच्या वागणुकीत किरकोळ सुधारणा. समीक्षक म्हणून माझा आक्षेप 'सुधारणा' या शब्दाला नाही. रिलीज आता खरोखर अधिक अचूक झाला असेल. आजोबांचा राग शास्त्रोक्त वेळेत उतरत असेल. आक्षेप आहे तो 'किरकोळ'ला. कोणाच्या कामात किरकोळ, हे करणाऱ्याने कशावरून ठरवलं? भाच्याच्या पत्राला उत्तर आलं ते आभाराचं. अभिप्राय मौल्यवान असल्याचं त्यात दोनदा म्हटलं आहे.

११७६ च्याही आवृत्त्या निघतच होत्या. त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत, आणि निळ्या पट्टीचा चांगला की काळ्या तोंडाचा यावर जाणकार आजही जेवण थंड होऊ देतात. पण डी आला म्हणून पटनम यांचा माणूस रात्री कोणाच्या स्टुडिओत शिरून ए उचलून घेऊन गेला नाही. आमच्या पुस्तकांच्या धंद्यातही 'सुधारून वाढविलेली आवृत्ती' निघते. लेखक सुधारलेला नसतो, किंमत वाढवलेली असते, हे आपण समजून घेतो. तरी प्रकाशक माझ्या कपाटातली पहिली आवृत्ती काढून त्या जागी दुसरी ठेवत नाही. इथे मात्र सकाळी चहा होईपर्यंत कपाट बदललेलं असतं.

वापरणारे एकत्र ओरडले तर ऐकू जातं, हेही खरं. वेव्ह्ज या मोठ्या इस्राएली कंपनीने मार्च २०२३ मध्ये प्लगइन कायमचे विकणं बंद करून फक्त वर्गणीवर द्यायचं जाहीर केलं. गदारोळ असा उठला की तीन-चार दिवसांत कायमची विक्री परत सुरू करत असल्याचं तिला जाहीर करावं लागलं. तो प्रश्न पैशांचा होता, आणि पैशांचा उंबरठा सर्वांचा सारखाच असतो. ओळीच्या शेवटच्या श्वासावर मोर्चा निघत नाही.

आणि उपाय काही अवघड नाही. ॲम्स्टरडॅमच्या फॅबफिल्टर या कंपनीने आपल्या प्रो-सी या कॉम्प्रेसरची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये काढली ती स्वतंत्र नाव-नंबर देऊन. पहिली जिथे होती तिथेच राहिली. जुनं काम उघडलं की जुनीच हजर होते, नवं करायला घेतलं की नवी हाक मारावी. यादीत दोघी एकीखाली एक दिसतात, सासू-सुनेसारख्या. यादी थोडी लांबते. कोणाला ती लांबी खटकत असेल, तर त्याने तसा अभिप्राय जरूर पाठवावा.