हुशार नसता तर?

ब्रायन नॅपनबर्गरचा 'द इंटरनेट्स ओन बॉय' हा २०१४ सालचा माहितीपट फुकट बघता येतो, तोही राजरोस. तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे. या परवान्यांची तांत्रिक बाजू उभी करायला ज्या मुलाने पंधरा-सोळाव्या वर्षी हातभार लावला, त्याच ॲरन स्वार्ट्झवर हा चित्रपट आहे. एवढी एक गोष्ट तरी दिग्दर्शकाने अगदी जागच्या जागी केली. बाकी चित्रपटाशी माझं भांडण आहे, आणि ते त्याच्या नावापासून सुरू होतं.

'बॉय' का? स्वार्ट्झ २०१३च्या जानेवारीत गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. पण चित्रपट उघडतो घरगुती व्हिडिओंनी: वाचता येणारं चिमुरडं पोर, कौतुकाने सांगणारे भाऊ. मग चौदाव्या वर्षी आरएसएसच्या कामात सहभाग, पुढे रेडिट. आपल्या घरांत बोर्डात आलेल्या मुलाबद्दल जसं बोलतात तसंच हे आहे, फक्त इंग्रजीत. टिम बर्नर्स-ली आणि लॉरेन्स लेसिग यांच्यासारखी माणसं बोलायला लागली की आपण मनातल्या मनात हात जोडतोच. आणि तिथेच चित्रपट आपल्याला चुकीच्या प्रश्नाकडे नेतो: इतक्या हुशार मुलाशी असं कसं वागले?

प्रकरण असं होतं. जेस्टोर हा शोधनिबंधांचा डिजिटल संग्रह. एमआयटीच्या नेटवर्कवरून तो पाहुण्यांनाही वाचता यायचा. २०१०च्या शेवटी काही महिने स्वार्ट्झने एक छोटा प्रोग्रॅम लावून तिथून लाखो निबंध उतरवून घेतले. एकेक निबंध वाचायला मनाई नव्हती. असे घाऊक उतरवायला होती. जेस्टोरने वाट अडवली की तो दुसरी वाट काढायचा. शेवटी त्याने तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉपच जोडून ठेवला. तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण चित्रपटात आहे: सायकलचं हेल्मेट चेहऱ्यापुढे धरून आत शिरणारा तरुण. सगळ्या चित्रपटातली मला पटलेली ही सर्वांत खरी जागा. कारण इथे तो संत दिसत नाही. आपण करतोय ते कुणाला आवडणार नाही हे माहीत असलेला, थोडा घाबरलेला, तरी करणारा माणूस दिसतो. अशा माणसासाठी कायदा काय म्हणतो, हे विचारायला हवं होतं.

कायदा होता १९८६चा, म्हणजे स्वार्ट्झच्याच वयाचा. 'अधिकाराशिवाय' संगणकात शिरणं हा त्यात गुन्हा. पण अधिकार म्हणजे काय? सेवेच्या अटी मोडल्या की अधिकार संपला? तसं असेल तर 'आय ॲग्री'वर न वाचता बोट ठेवणारे आपण सगळेच कधी ना कधी रेषेपलीकडे गेलेले असू. जेस्टोरने २०११मध्ये तडजोड केली. माहिती परत मिळाली, त्यांच्यापुरता विषय मिटला. सरकारी वकिलांचा मिटला नाही. संगणकाच्या आज्ञेने करा नाहीतर पहारीने, चोरी ती चोरीच, असं त्यांनी जाहीर केलं. आधी चार आरोप होते, पुढे तेरा झाले.

३५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा आकडा त्या वेळी सगळीकडे गाजला. मला त्याहून भयंकर वाटतो तो दुसरा, लहान आकडा. सगळे आरोप कबूल केले तर सुमारे सहा महिन्यांवर भागवू, अशी तयारी वकिलांनी दाखवली होती. एका बाजूला अर्धं आयुष्य, दुसऱ्या बाजूला अर्धं वर्ष. या दरीत उभं राहून कोण खटला लढवेल? बहुतेक जण कबुलीच देतात. स्वार्ट्झने दिली नाही. त्याच्याकडे चांगले वकील होते, नामवंत मित्र होते, तरीही हे त्याला झेपलं नाही. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याचं काय होत असेल? त्याच्यावर माहितीपट निघत नाही.

क्विन नॉर्टनची मुलाखत मात्र चुकवू नका. ती पत्रकार, स्वार्ट्झची एके काळची मैत्रीण. शोधनिबंध सर्वांसाठी खुले करा, असं आवाहन करणारा २००८चा एक जाहीरनामा त्याच्या नावावर होता. चौकशीत तिने सहज बोलताना त्याचा उल्लेख केला, आणि सरकारी बाजूच्या हाती हेतूचा पुरावा आला. ती हे सांगते तेव्हा पार्श्वसंगीताची गरज उरत नाही. कायद्याची यंत्रणा माणसांमधून कशी फिरते ते त्या काही मिनिटांत कळतं.

अमेरिकेत त्या कायद्याला स्वार्ट्झचं नाव देऊन सुचवलेली दुरुस्ती मंजूर झाली नाही. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हॅन ब्युरेन खटल्यात त्यातल्या एका कलमाचा अर्थ बराच आवळला. तो खटला एका पोलिसाचा होता. पैसे घेऊन त्याने वाहनांच्या नोंदी बघितल्या होत्या. हुशार नाही, निष्पाप नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी यावं असं काहीच नाही. तरी दिलासा मिळाला तो त्याच्या खटल्यातून.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना माहिती उतरवून घेण्यावर आहे. कलम ६६नुसार तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शोधनिबंध फुकट देणाऱ्या साय-हबविरुद्ध एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी २०२०मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २०२४मध्ये केंद्राने ६,००० कोटी रुपयांची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. ती सरकारी संस्थांसाठी आहे. एखाद्या खासगी कॉलेजात एमएस्सी करणाऱ्या, फारशा हुशार नसलेल्या मुलीला एक निबंध हवा असेल, तर तिच्यासमोर आजही तीच पैशांची भिंत उभी आहे, आणि तिच्या लहानपणीचे व्हिडिओ कुणी जपून ठेवलेले नाहीत.