पाचारण आणि प्रपंच : 'स्मृतिचित्रे'तील जीवितकार्याच्या शोधाचे स्वरूप

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे मराठी वाङ्मयातील स्थान निर्विवाद आहे. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी चौथा भाग लेखिकेच्या निधनानंतर वाचकांच्या हाती आला. भाषेचा घरगुती साधेपणा, निर्मळ विनोद, प्रांजळ निवेदन आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या विलक्षण पुरुषाचे चित्रण या गुणांची चर्चा मराठी समीक्षेने भरपूर केली आहे. मात्र हा ग्रंथ एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेला आहे आणि श्रद्धेचे काही मूलभूत प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहेत, याची दखल बहुधा ओझरतीच घेतली जाते. धर्मांतर ही कथानकातील एक घटना मानली जाते आणि विनोद हा शैलीचा गुण. या दोहोंचा परस्परसंबंध अभ्यासला जात नाही.

प्रस्तुत लेखात 'स्मृतिचित्रे'चा विचार 'पाचारण' या संकल्पनेच्या आधारे केला आहे. परमेश्वराने प्रत्येकाला विशिष्ट कार्यासाठी बोलावले आहे, ते बोलावणे ओळखणे आणि पूर्ण करणे हेच जीवनाचे सार्थक, ही ख्रिस्ती श्रद्धेतील धारणा मराठी बायबलमधील 'पाचारण' या शब्दाने व्यक्त होते. हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असला तरी आपल्या समीक्षेच्या परिभाषेत तो फारसा आलेला नाही. 'स्मृतिचित्रे'त या संकल्पनेची सर्वांत कठोर परीक्षा संसाराच्या पातळीवर होते आणि त्या परीक्षेचे साधन लेखिकेचा विनोद हेच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

टिळकांचे पाचारण : आकस्मिक आणि अपूर्ण

टिळकांच्या धर्मांतराचा वृत्तांत सुपरिचित आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी भेट झाली. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. गिरिप्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'शी संपादक या नात्याने संबंधित होते. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, या त्यांच्या धारणेशी ही कल्पना सुसंगतच होती.

हा क्रम पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. टिळकांना आपले कार्य एकदाच आणि कायमचे सापडले नाही. १८९५ मध्ये मिळालेले उत्तर १९१७ मध्ये त्यांना अपुरे वाटले. धर्मांतराच्या बहुतेक कथा बाप्तिस्म्याला गंतव्य मानतात. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या आत्मवृत्ताचे 'अरुणोदय' हे शीर्षकच अंधारातून प्रकाशाकडे होणाऱ्या वाटचालीचे सूचक आहे. टिळकांच्या बाबतीत उजाडल्यानंतरही वाट शोधणे संपलेले नाही.

'स्मृतिचित्रे'त मात्र हीच अस्वस्थता दुसऱ्या बाजूने दिसते. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीला प्रथम कळते ते एवढेच की, आपला नवरा अधूनमधून नाहीसा होतो. गावे बदलतात, नोकऱ्या सुटतात, संसारासाठी असलेले पैसे भलत्याच गोष्टींवर खर्च होतात. चरित्रकार ज्याला सत्याचा शोध म्हणेल, त्याची घरातील बाजू म्हणजे रिकामा डबा आणि न आलेले पत्र. लक्ष्मीबाई यांपैकी कोणतीही बाजू खोटी ठरवीत नाहीत. टिळकांच्या निष्ठेविषयी त्यांना शंका नाही आणि त्या निष्ठेने आपल्याला काय सोसायला लावले याविषयीही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मावू शकतात, कारण ते वाक्य विनोदाने लिहिलेले असते.

विनोद : परीक्षेचे साधन

'स्मृतिचित्रे'तील विनोदाला आपण सहसा 'खेळकर वृत्ती' असे संबोधतो. हे वर्णन अपुरे आहे. आपण ईश्वरी कार्यासाठी निवडले गेलो आहोत असे मानणाऱ्या मनुष्याला एक धोका नेहमीच असतो. स्वतःच्या लहरीला तो देवाची इच्छा समजू शकतो. त्याला विरोध करणारा आपोआप देवाचा विरोधक ठरतो. अशा दाव्याची शहानिशा तर्काने करणे कठीण, कारण दावा करणारा तर्काच्या पलीकडचा आधार सांगत असतो. लक्ष्मीबाई वाद घालीत नाहीत. त्या दिवसभरात काय घडले ते सांगतात. टिळकांचे औदार्य, विसराळूपणा, रागाचा झटका आणि लगेच येणारा पश्चात्ताप हे सारे त्यांच्या निवेदनात शेजारीशेजारी येते. या हास्यातून जे तावूनसुलाखून शिल्लक राहते, तेच खरे पाचारण असा त्यांचा अलिखित निकष दिसतो. टिळकांची माणसांवरील माया आणि अखेरपर्यंतची निःस्पृहता या निकषाला उतरते. त्यांच्या अनेक योजना उतरत नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. हा ग्रंथ टिळकांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिला गेला. तेव्हा दुःखाची धार बोथट झाली असेल आणि पतीवरील प्रेमाने साऱ्या गोष्टींना सौम्य रूप दिले असेल. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. तथापि १८९५ नंतरच्या ताटातुटीची प्रकरणे या आक्षेपाचे उत्तर देतात. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेली ती वर्षे, पंढरपूरचे वास्तव्य, लोकांचे बोलणे आणि शरीर-मनाची झालेली दुर्दशा यांचे वर्णन करताना लेखिकेने कुठेही असे सुचविलेले नाही की, पुढे सारे चांगले झाले म्हणून मागचे दुःख योग्यच होते. एका माणसाच्या पाचारणाची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली, ही नोंद पुसलेली नाही. भक्तिपर चरित्रवाङ्मयात ही नोंद दुर्मिळ आहे.

लक्ष्मीबाईंचे पाचारण : कामातून झालेली ओळख

लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंग्रजी अनुवादांची शीर्षकेही तिला पोषक आहेत. ई. जोसेफिन इंक्स्टर यांचा अनुवाद १९५० मध्ये 'आय फॉलो आफ्टर' या नावाने निघाला. २०१७ मधील शांता गोखले यांच्या अनुवादाच्या उपशीर्षकातही लेखिकेची ओळख एक तेजस्वी 'पत्नी' अशीच आहे. परंतु पहिल्या शीर्षकातील शब्द फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातही आढळतात. तेथे पौल सांगतो की, ज्या हेतूसाठी ख्रिस्ताने मला धरले, तो हेतू हस्तगत करण्यासाठी मी त्याच्या मागे लागलो आहे. शीर्षकाचा असा अर्थ घेतल्यास लक्ष्मीबाई ज्याच्या मागे जात आहेत तो केवळ पती राहत नाही. प्रत्यक्ष ग्रंथ या दुसऱ्या अर्थालाच अधिक पुष्टी देतो.

पुन्हा एकत्र आल्यानंतरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. अहमदनगरात त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला आणि टिळकांनी त्यांना ती मुभा दिली. ग्रंथाच्या आरंभी येणारे वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे चित्र येथे महत्त्वाचे ठरते. सोवळे हा त्यांच्यासाठी चर्चेचा विषय नव्हता. लहानपणापासून अंगात मुरलेली ती भीती होती. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि बाप्तिस्म्यापूर्वीच त्यांनी सर्वांच्या हातचे खाण्यापिण्याचा निर्णय घेतला. या निर्णयात टिळकांचा आग्रह नव्हता. १९०० सालचा त्यांचा बाप्तिस्मा हा या आंतरिक बदलानंतरचा टप्पा आहे. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी माणसाविषयीची दृष्टी बदलली, मग धर्म बदलला.

त्यानंतरच्या प्रकरणांत त्यांचे जीवितकार्य हळूहळू आकार घेते. दुष्काळाने पोरकी झालेली मुले, प्लेगची साथ, घरी येऊन राहणारे विद्यार्थी व कवी या साऱ्यांचा भार त्यांनी उचलला. बालकवी ठोमरे हे त्यांपैकी सर्वपरिचित नाव. यातील एकही काम त्यांनी 'हे माझे पाचारण' असे म्हणून आरंभिलेले नाही. समोर आलेले माणूस टाळता आले नाही, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असते. टिळकांनी प्रथम बोलावणे ऐकले आणि मग काम शोधले. लक्ष्मीबाईंनी काम केले आणि ते बोलावणे होते हे मागाहून ओळखले.

'ख्रिस्तायन' : पूर्ततेचा प्रश्न

या वाचनातून श्रद्धेचे रूपांतर केवळ समाजसेवेत होते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर 'ख्रिस्तायन'मध्ये सापडते. ख्रिस्तचरित्रावरील हे महाकाव्य टिळकांनी आरंभले, पण दहा-अकरा अध्यायांनंतर ते त्यांच्या हातून पुढे गेले नाही. उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरे शिकलेल्या स्त्रीने प्रथितयश कवीचे अपूर्ण काव्य पूर्ण करावे, ही मराठी वाङ्मयेतिहासातील असाधारण घटना आहे. आपल्या परंपरेत पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बायबल भाषांतराचीच तिच्याशी तुलना करता येईल. केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत आणलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून निघाले.

'ख्रिस्तायन' हे टिळकांचे कार्य की लक्ष्मीबाईंचे? पाचारण ही व्यक्तिगत मालमत्ता मानली तर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. एकाने आरंभलेले दुसऱ्याने पूर्ण केले आणि पूर्ण करताना ते स्वतःचे केले, एवढेच म्हणता येते.

मर्यादा आणि प्रादेशिक संदर्भ

'स्मृतिचित्रे'ची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार व मांग जातींतून आलेले होते. ग्रंथात ते वावरतात, लेखिका त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिते. परंतु त्यांना ख्रिस्ताची हाक कशी ऐकू आली, हे त्यांच्या मुखातून आपल्याला समजत नाही. उच्चवर्णीय धर्मांतरिताचा त्याग दिसतो, कारण त्याच्याजवळ सोडण्यासारखे काही असते. ज्यांच्याजवळ सोडण्यासारखे फारसे नव्हते, त्यांच्या शोधाला असे आत्मचरित्र लाभले नाही.

अहेरीसारख्या ठिकाणी अध्यापन करताना हा प्रश्न केवळ ऐतिहासिक राहत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे ध्येयनिष्ठ जीवनाची उदाहरणे म्हणून महाराष्ट्रात ओळखले जातात. वरोऱ्याजवळचे आनंदवन आणि १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. या कार्यांची प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेची नाही. तरीही पाचारण आणि प्रपंच यांच्यातील ताण तेथेही आहे. साधनाताई आमटे यांनी आपल्या आत्मकथनाला 'समिधा' हे नाव दिले. यज्ञ आणि त्यात अर्पण होणारी समिधा ही प्रतिमा, केवळ शीर्षकापुरते बोलायचे तर, स्वतःचे स्थान दुसऱ्याच्या व्रतात पाहते. लक्ष्मीबाईंच्या शीर्षकात यज्ञ नाही. पाहणारी आणि आठवणारी स्त्री आहे. दोन्ही ग्रंथ एकत्र शिकविल्यास विद्यार्थ्यांना हा फरक स्वतः तपासता येईल. बाहेरून आलेल्यांच्या ध्येयवादाचा विषय झालेल्या गोंड-माडिया समाजातील विद्यार्थी वर्गात असताना त्याहून पुढचा प्रश्नही विचारावा लागेल : त्यांचे स्वतःचे पाचारण कोणत्या भाषेत लिहिले जाईल?

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, 'स्मृतिचित्रे'त जीवितकार्याचा शोध धर्मांतराच्या क्षणी संपत नाही. तो आयुष्यभर चालतो आणि पुष्कळदा मागाहून ओळखू येतो. दुसरा, पाचारणाचा खरेपणा ते ऐकणाऱ्याच्या खात्रीने सिद्ध होत नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्यांच्या अनुभवावर तो घासून पाहावा लागतो. तिसरा, लेखिकेचा विनोद हा शैलीचा अलंकार नसून या परीक्षेची पद्धती आहे. श्रद्धाळू वाचकाने या ग्रंथातील हास्याकडे आणि श्रद्धा नसलेल्या वाचकाने त्यातील श्रद्धेकडे दुर्लक्ष केल्यास दोघांच्याही हाती अर्धाच ग्रंथ लागेल. अध्यापनात आपण आजवर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे वाचन केले आहे. ते पूर्ण करण्याची जबाबदारी मराठीच्या अध्यापकांवर आहे.